ओरिओ आणि एक ठोसा

रविवार, रात्रीचे पावणेबारा

सोसायटीच्या मीटिंगहून आलो तो डोकं भणभणतच. विषय एकच होता, पाण्याची टाकी साफ करून घ्यायची. दीड तास गेला पार्किंगवर. सेक्रेटरी म्हणून मी अधूनमधून "बसा हो, बसा" म्हणत होतो. कुणी बसलं नाही.

जेवण झाल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली. "आत्ता? या वेळी?" असं विचारून बायको झोपायला गेली.

ट्रंकेत 'जस्टिस लीग' या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचे अकरा अंक आहेत. कॉलेजात असताना फोर्टातल्या फूटपाथवरून उचललेले, सलग असे दोनसुद्धा नाहीत. मधल्या गोष्टी बरीच वर्षं मी मनानेच जुळवल्या होत्या. टॅबवर सगळी मालिका वाचली तेव्हा कळलं, माझ्या बऱ्याच जुळवाजुळवी चुकीच्या होत्या. काही मूळ गोष्टीपेक्षा बऱ्या होत्या, पण ते असो.

पहिला अंक मे १९८७ चा. गाय गार्डनर, टीममधला आगाऊ हिरो, रिकाम्या मीटिंगरूममध्ये एकटाच बसून आपण लीडर झाल्याची स्वप्नं बघतोय. मग एकेक जण येतो, आणि दुष्ट लोक राहिले बाजूला, यांचीच आपसात जुंपते. शेवटी बॅटमॅन येतो आणि गायला म्हणतो, बस. गाय बसतो! आज मला नेमकी तीच कला हवी होती.

ही टीम जमली ती नाइलाजातून. सुपरमॅन, वंडर वुमन यांच्या कथा तेव्हा पहिल्यापासून नव्याने सुरू होत होत्या, त्यामुळे ते मिळेनात. कीथ गिफन आणि जे. एम. डिमॅटिस या लेखकांच्या वाट्याला आले ब्लू बीटल, बूस्टर गोल्ड, मिस्टर मिरॅकल असे दुसऱ्या फळीतले लोक. गिफन कथानक रचून चौकटींचं कच्चं रेखाटन करायचा, त्यावर डिमॅटिस संवाद चढवायचा. पण खरी गंमत केव्हिन मॅग्वायरने काढलेल्या चेहऱ्यांची. सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये तोवर साधारण दोनच चेहरे असायचे, दात-ओठ खाणारा आणि तोंड मिटलेला. मॅग्वायरची माणसं ओशाळतात, एकमेकांकडे चोरून बघतात, हसू दाबताना गाल फुगवतात.

पाचवा अंक माझ्याकडे आहे. मागचं पान फाटलंय, पिना गंजल्यात, आणि आधीच्या मालकाने समासात बॉलपेनने लाँड्रीचा हिशेब लिहिलाय. यात गाय बॅटमॅनला आव्हान देतो. शक्तीची अंगठी बोटातून काढून ठेवतो, म्हणजे मामला बरोबरीचा. आता चार-पाच पानं मारामारी चालणार म्हणून आपण सरसावून बसतो. बॅटमॅन एक ठोसा लगावतो. संपलं. गाय आडवा, आणि बीटल हसून हसून वेडा, "एकच ठोसा! एकच ठोसा!" टीममधली ब्लॅक कॅनरी जरा उशिरा पोचते, आणि आपलं बघायचं राहिलं म्हणून तिचं तोंड उतरतं. मला ठोशापेक्षा तिचं ते उतरलेलं तोंड जास्त आवडतं. कॉलेजात असताना ते दिसलंही नव्हतं.

तेव्हा मी बीटल आणि बूस्टरचा माणूस होतो. लीगच्या पैशांवर बेटावर कॅसिनो काढायचा, तो बुडवायचा, आणि वर ते बेटच जिवंत निघून चालू पडायचं, असले यांचे धंदे. आता मात्र नजर सारखी मार्शियन मॅनहंटरकडे जाते. मंगळावरून आलेला, आपल्या जमातीतला एकटाच उरलेला, आणि नशिबात काय, तर या पोरांना सांभाळणं. बिचारा ओरिओ खात बसतो. ओरिओ भारतात आलं २०११ मध्ये. त्याआधी वाचताना मी ते बोरबॉन धरून चालायचो आणि माझं काही अडलं नव्हतं.

सगळंच टिकलंय असं नाही. गायच्या तोंडचे बायकांवरचे शेरे त्याचीच फजिती करायला आहेत हे कळतं, पण फायर आणि आइस या टीममधल्या नायिकांची चित्रं काढताना चित्रकार कितीदा गायच्याच नजरेने बघतो. शेवटच्या वर्षभरातले अंक तर मी नुसते चाळले. गिफन-डिमॅटिस ही जोडी १९९२ मध्ये थांबली ते बरं झालं.

२००५ मध्ये दुसऱ्या लेखकांनी टेड कॉर्डला, म्हणजे बीटलला, मारून टाकलं. मारेकरी मॅक्सवेल लॉर्ड, याच लीगचा व्यवस्थापक. डोक्यात गोळी घातली. तेव्हापासून जुन्या अंकात मॅक्स गोड हसला की मी पान उलटतो. मला हा राग धरून ठेवायचाय. त्याच्या दोनच वर्षं आधी गिफन, डिमॅटिस, मॅग्वायर तिघांनी परत एकत्र येऊन सहा अंक काढले होते, त्यांना विनोदासाठीचं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मानाचं पारितोषिक, मिळालं होतं. आणि मग हे.

गिफन ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. जाताना फेसबुकवर टाकायला एक निरोप ठेवून गेला होता, साधारण असा की, मी आजारी आहे म्हणून सांगितलं होतं ना, न्यूयॉर्क कॉमिक कॉनला (कॉमिकवाल्यांच्या मेळाव्याला) जायचं टाळायला काहीही. खाली बीटलचं ते हसू, ब्वा हा हा हा हा.

मी ते आत्ता मोठ्याने वाचलं. आतून बायकोचा आवाज आला, "टाकीवाल्याला फोन केलास का?"