मांजराचे सोवळे

आमच्या घरात मांजरे दोन आणि ॲलर्जी एक. मांजरे मुलीची, ॲलर्जी माझी. दोन पावसाळ्यांपूर्वी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, झाकून ठेवलेल्या स्कूटरखाली कुडकुडत बसलेली ही पिल्ले तिने ‘फक्त पाऊस थांबेपर्यंत’ म्हणून वर आणली. पाऊस थांबला, पिल्ले राहिली. त्यांची मनी आणि पंत अशी नावेही पडली. महिन्याभरात माझी सकाळ शिंकांनी उजाडू लागली. एकामागोमाग दहा-बारा शिंका, लाल डोळे, आणि टाळूवर, जिथे बोट पोचत नाही नेमकी तिथेच, खाज.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चाचणी करायला सांगितली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहून प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला, त्या थेंबातून सुई हलकेच टोचली आणि पंधरा मिनिटे हात अजिबात न खाजवता बसायला सांगितले. परागकण, बुरशी, झुरळ सगळे गप्प होते. सातव्या आकड्यापाशी मात्र डास चावल्यासारखी गांध उठली आणि बघता बघता शर्टाच्या बटणाएवढी झाली. सातवा आकडा मांजराचा होता.

तोवर मी सगळा दोष केसांना देत होतो आणि सोफ्यावरचा एकेक केस चिकटपट्टीने टिपत होतो. खरा अपराधी म्हणजे ‘फेल डी १’ नावाचे एक प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत तयार होते. मांजर दिवसभर स्वतःला चाटून ते सर्वांगाला फासते, ते वाळते, आणि त्याचे काही कण, ५ मायक्रॉनहूनही बारीक, तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. म्हणजे ज्या टापटिपीचे आपण कौतुक करतो, तीच माझ्या शिंकांचे मूळ आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला. मला स्वतःला आपला ‘वावडे’ हा शब्द अधिक पटतो, कारण वावडे वांग्याचे असते तसे माणसाचेही असू शकते.

‘देऊन टाका की मांजरे,’ हा सल्ला घरी येणाऱ्या प्रत्येकाने चहाबरोबर दिला. मुलीने त्यावर वकिली पद्धतीने उत्तर शोधून ठेवले होते: मांजर गेल्यावरही हे प्रथिन गाद्यांत आणि पडद्यांत टिकून राहते आणि घर पुरते निवळायला चार ते सहा महिने लागू शकतात, तेव्हा बाबा शिंकणार ते शिंकणारच. पंताला अंघोळ घालण्याचा प्रयोग आम्ही एकदाच केला. माझ्या दोन्ही हातांवर त्याची सही उमटली, आणि काही दिवसांतच सगळे पूर्वपदावर आले.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून नियम आले. झोपण्याच्या खोलीत मांजरांना कायमची बंदी, दार सदैव लोटलेले आणि आत हवा गाळणारे हेपा यंत्र चालू. झाडूने कण उडतात म्हणून केर काढण्याआधी ओले फडके. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. नाकात रोज फवारा, त्रास वाढला तर रात्री गोळी. सगळ्यांत जाचक नियम कपड्यांचा: बाहेरच्या खोलीत मांजराला मांडीवर घेतलेले कपडे आत न्यायचे नाहीत, हातपाय धुऊन दाराशी कपडे बदलायचे आणि धुतलेले रात्रीचे कपडे उंच दांडीवर, कोणाचा स्पर्श होणार नाही असे वाळत घालायचे.

आई हे आठवडाभर मुकाट्याने पाहत होती. मग म्हणाली, ‘‘अरे, हे तर आमच्या आजीचे सोवळे.’’ वाईच्या त्या घरात माजघरापलीकडे कोणी पाऊल टाकायचे आणि कोणी नाही, हे ठरलेले असे आणि सोवळ्याचे लुगडे काठीने वलणीवर चढवले जाई. त्या सोवळ्यात माणसांचाच विटाळ मानत, ही गोष्ट आई अजून रागानेच सांगते. आमच्याकडे निदान विटाळाला प्रयोगशाळेतले नाव आहे, आणि ज्यांचा विटाळ होतो ते दोघे सोफ्याच्या सर्वांत मऊ कोपऱ्यात लोळत असतात. सोवळ्यात कोंडला गेलो आहे तो मीच.

परवा पाऊस आला म्हणून आई घाईने बाल्कनीत गेली. दांडी उंच, तिचा हात पोचेना. तिने पडद्याची जुनी काठी घेतली आणि माझा सदरा त्या काठीच्या टोकावर, अगदी पणजीच्या थाटात, तोलत आत आणला. सदऱ्याची बाही खाली लोंबत होती. सोफ्यावर डोळे मिटून पडलेल्या पंताने एक डोळा उघडला, मागचा भाग दोनदा हलवला आणि झेप घेऊन तो बाहीला लटकला. आई काठी तशीच धरून उभी राहिली.

‘‘शिवला रे,’’ ती म्हणाली. ‘‘टाक परत धुवायला.’’