ट्रेलरची नोंद ४ : व्होल्ट हिचवर अडले होते

मंडळी, ट्रेलरमधली बॅटरी चालत्या गाडीवर चार्ज का होत नाही, हे मागच्या नोंदीतलं कोडं सुटलं! जोडणी पुन्हा सांगतो : जुनी डिझेल जीप, मागे घरी बांधलेला ट्रेलर, त्यात १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि तिच्या शेजारी २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे जीपच्या बॅटरीकडून करंट घेऊन ही बॅटरी बेतानं भरणारा डबा. चार्जर वगळून दोन्ही बॅटऱ्यांमध्ये थेट तार मुद्दाम जोडली नाही. ही बॅटरी उतरलेली असली की मिळेल तेवढा करंट खेचते, आणि गाडी आयडलवर (उभ्या जागी इंजिन सुरू) असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, भाजून निघतो.

चार्जर दहा सेकंद चालायचा, बंद पडायचा, पुन्हा सुरू. तुळजापूरला जाऊन आलो तरी बॅटरी होती तिथंच.

रविवारी ऊन चढायच्या आत जीप सुरू ठेवून मोजायला बसलो. चार्जर निम्म्या करंटवर ठेवला की बंद पडत नाही, हे लक्षात आलं आणि काम सोपं झालं. मुलानं मीटरची एक पिन जीपच्या बॅटरीच्या प्लसवर धरली, दुसरीला लांब वायर जोडून मी चार्जरच्या प्लसवर. पाव व्होल्ट. ६ स्क्वेअर एमएमची ७ मीटर तार, जीपकडून येणारा करंट १२ अँपिअर (चार्जर देतो त्याहून थोडा जास्त खेचतो), एवढं जाणारच. मग मायनस ते मायनस : ०.९५! पूर्ण करंटला सगळं दुप्पट, म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच गायब. जीपवर १४, चार्जरपाशी ११.६, आणि त्याचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली तो बंद पडतो तो आकडा, मी ११.८ ला ठेवलेला. चार्जर थांबला की करंट थांबतो, व्होल्टेज परत १४ वर, की हा पुन्हा सुरू. म्हणूनच करंट वाहत नसताना मोजून मला कधी काही सापडलं नाही.

मायनसची तार मी ओढलीच नव्हती. सगळा करंट चासीवरून, हिचच्या (ट्रेलर जीपला जोडणाऱ्या कडीच्या) ग्रीस लावलेल्या गोळ्यातून परत जात होता.

आता प्लस-मायनस दोन्ही १६ स्क्वेअर एमएम, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जाड तारा जोडायचा-सोडायचा प्लग), आणि बॅटऱ्या दोन्हीकडे असल्यामुळे ४० चा फ्यूजही दोन्ही टोकांना. लग, म्हणजे तारांच्या टोकांना बसणारी तांब्याची टोपणं, दाबायला एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटरी भरणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबलेला एक लग करवतीनं आडवा कापून दाखवला : आत तांब्याची भरीव चकती, तारा वेगळ्या दिसतच नव्हत्या. मी पक्कडीनं दाबलेला कापला, तर तारांमधून उजेड दिसत होता. सगळे लग तिथंच नव्यानं दाबून घेतले.

शनिवारी पुणे रस्त्यानं उजनीच्या पाण्याकडे निघालो. चार्जरपाशी सलग १३.५. टेंभुर्णीचा चहा वगळता पावणेतीन तासांच्या वर गाडी चालली, फ्रिज चालू असूनही बॅटरी ४१ टक्क्यांवरून ८८ वर. मुलगा दर दहा मिनिटांनी आकडा वाचत होता!

बॅटरीची पेटी मात्र दुपारी ४३ अंशांवर गेली, आणि माझा बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, ४५ ला चार्जिंग तोडतो. मे लागायच्या आत पेटीला खाली-वर झरोके पाडायचे आहेत.