नाणं खाणारा बैल: सुट्टीतल्या गल्ल्याची नोंद

परवा दुपारी आमच्या पुठ्ठ्याच्या बैलाने पहिल्यांदा नवा रुपया खाल्ला. त्याआधी आठ दिवस तो नुसता मान वर करून उभा होता, म्हणून ही नोंद लांबली.

परभणीत मे महिन्यात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. घरात भाची (सहावीत), तिचा धाकटा भाऊ (दुसरीत) आणि शेजारची दोन. गल्ला करायचा, पण सेलवर चालणारा नको, एवढी माझी एकच अट. पंजाने नाणं ओढून घेणारी सेलवरची खेळण्यातली मांजर घरात आहेच. दोन दिवसांत पोरं कंटाळली तिला. आत काय चाललंय ते दिसतच नाही.

नाण्याच्याच वजनावर चालणारे गल्ले ही जुनी युक्ती आहे. अमेरिकेत 1869 साली पेटंट मिळालेला हॉल्स एक्सेलसियर नावाचा बिडाचा गल्ला (बिडाचा म्हणजे कास्ट आयर्नचा, आपल्या बीडचा नव्हे) असाच आहे. घराचं छप्पर उघडून कारकून वर येतो, त्याच्यापुढे नाणं ठेवलं की त्या भाराने तो आत जातो आणि छप्पर मिटतं. पोरांना चित्र दाखवलं. कारकून कुणालाच आवडला नाही. बैल हवा, असं ठरलं.

रचना साधी आहे. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी म्हणजे तराजूची दांडी. आस खांद्यात. पुढच्या टोकाला, आसापासून 12 सेंटिमीटरवर, तोंड. मागच्या टोकाला शेपूट आणि वजन. तोंडावरच्या पन्हळीत नाणं ठेवायचं, मान खाली जाते, नाणं घसरून गव्हाणीत पडतं, मान पुन्हा वर. गव्हाण म्हणजेच गल्ला. मान खाली गेली की शेपूट वर होते, त्यावरून धाकट्याने जो प्रश्न विचारला तो इथे लिहीत नाही.

आस आधी तुराटीचा केला होता. आम्ही लहानपणी धाटाच्या बैलगाड्या करायचो तेव्हा तुराटी आणि बाभळीचे काटे यावर सगळं भागायचं. पण गाडीचं चाक अडखळलं तरी ओढून नेता येतं, तराजूला अडखळून चालत नाही. शेवटी पोतं शिवायचं दाभण घेतलं, टोक घासून बोथट केलं आणि ते बॉलपेनच्या कांडीच्या तुकड्यांत बसवलं. फुंकर मारली तरी मान हलते आता.

नाणं घसरणं हे दुसरं दुखणं. पुठ्ठ्यावर ते चिकटल्यासारखं बसायचं. बैल मान खाली घालून तसाच. भाची म्हणाली, "मामा, याला गिळताच येईना." पन्हळीत गुळगुळीत लग्नपत्रिकेचा कागद लावला आणि गव्हाण दोन बोटं खाली घेतली, म्हणजे मान जास्त झुकते. या हंगामात पत्रिकांना तोटा नाही. (ग्लू गनचे सांधे मात्र पत्र्याच्या खोलीत दुपारी मऊ पडून सुटले. आता सगळं फेव्हिकॉल आणि दोरा.)

आता मुख्य फजिती. शेपटीतलं वजन म्हणून मी जुना पिवळा पाच रुपया वापरला, कारण तो बरोबर 6 ग्रॅमचा. दांडी आधी शाडूने समतोल करून घेतली आणि पाचचं नाणं आसापासून 7 सेंटिमीटरवर लावलं. रुपया ठेवला, बैल वाकला, नाणं पडलं, टाळ्या. मग शेजारच्या पोराने आपला रुपया आणला तर बैल ढिम्म. पोरगं रडवेलं झालं. त्याला वाटलं, बैल आमचेच पैसे खातो.

दोन्ही रुपये शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. मी सगळी चाचणी 2011 नंतरच्या रुपयावर केली होती: 22 मिलिमीटर, 3.79 ग्रॅम. त्याचा रुपया 2019 च्या मालिकेतला: 20 मिलिमीटर, 3.09 ग्रॅम. भाचीने वहीत मांडलं. शेपटीकडे 6 गुणिले 7 म्हणजे 42. तोंडाकडे जुना रुपया 3.79 गुणिले 12, साडेपंचेचाळीस. नवा 3.09 गुणिले 12, सदतीस. बेचाळीसला सदतीस कसा हलवणार? पाचचं नाणं 5 सेंटिमीटरवर सरकवलं, शेपटीकडे 30 झाले आणि बैलाने नवा रुपया खाल्ला. सहावीतल्या पोरीने गुणाकार स्वतःहून केला, हे तिच्या आईला अजून खरं वाटत नाही.

मधल्या काळात नाणी आपोआप वेगळी करणारी उतरती घसरगुंडीही करून पाहिली. आधी छोटं भोक, मग मोठं. ती आपल्या नाण्यांवर चालत नाही, कुणी करणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. जुना पाच 23 मिलिमीटर आणि नवा दोन 23 मिलिमीटर. जुना दोन 25 आणि नवा पाच 25. दोनाच्या डब्यात पाच, पाचाच्या डब्यात दोन. पोरांनी ती मोडून गव्हाणीला आडवी पट्टी लावली.

पण बैलाला आकार कळत नाही, वजन कळतं. म्हणून दुसरा बैल सुरू केलाय: शेपटीतला पाच रुपया 11 सेंटिमीटरवर, म्हणजे 66. जुना दोन 58 वर अडतो, जुना पाच 72 ने खाली जातो, नव्या पाचचे तर 80 च्या वर होतात. हा बैल रुपया-दोन रुपयांना तोंड लावत नाही. दहाचं नाणं मात्र दोघेही झटकन खातात. आमच्या गल्लीतले दुकानदार ते अजून परत करतात, रिझर्व्ह बँकेने 2018 च्या जानेवारीत 14 प्रकारची दहाची नाणी चालतात असं सांगूनसुद्धा. त्यामुळे गव्हाणीत सध्या दहाच जास्त.

आज्जीने हे सगळं बाजेवरून पाहिलं आणि आतून चारमिनारचा हाली रुपया (निजामाच्या राज्यातला) काढून आणला. सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजांचे रुपये), हा हिशेब तिला अजून पाठ आहे. तो ठेवताच मान दाणकन आपटली आणि रुपया गव्हाणीच्या खाचेत अडकला. खाच आम्ही 29 मिलिमीटरची ठेवली होती. "काढा रे आधी," एवढंच आज्जी म्हणाली, पण आवाज असा की धाकट्याने पुठ्ठाच फाडला. रुपया सुखरूप आहे. गव्हाण नवी करावी लागेल, खाच 32 ची.

नावं ठरलीत: सगळं खाणारा सर्जा, हट्टी तो राजा. पोळ्यापर्यंत दोघांना एका जुवाला जोडायचंय. काल नुसता दोरा बांधून पाहिला तर सर्जाने मान घातली की राजाही ओढला जातो आणि फुकटचा वाकतो. जू सैल ठेवून दोन्ही माना सुट्या कशा हलवायच्या, ते कुणी केलं असेल तर सांगा.