एकावर चालतंय, तीनवर नाही

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं बघतो. शॉपफ्लोअरवर चार जुने कॉम्प्युटर, सगळ्यांवर स्लॅकवेअर लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम), नेट नाही, म्हणून एकावर सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडवरून, बिल्ड करून पॅकेज बांधायचं आणि पेन ड्राइव्हने बाकीच्यांवर न्यायचं. त्यासाठी माझी पन्नासेक ओळींची शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाईल) आहे. मेक इन्स्टॉल ही प्रोग्राम बसवणारी कमांड, तिला डेस्टडिर म्हणून वेगळा फोल्डर दिला की फाईली खऱ्या सिस्टीमवर न जाता त्यात पडतात, त्याचा टार (सगळ्या फाईलींचं एकच गाठोडं) म्हणजेच पॅकेज. स्लॅकवेअरचं पॅकेज बसवणारं इन्स्टॉलपीकेजी पण शेल स्क्रिप्टच आहे, टार उघडते आणि टाकलेल्या फाईलींची यादी ठेवते. सगळं डोळ्यांनी वाचता येतं, म्हणून मला हे लई आवडतं.

त्या दिवशी गेजचं (माप घेणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग सिरियल पोर्टवरून घेणारा छोटा प्रोग्राम टाकायचा होता, पहिल्या कॉम्प्युटरवर त्याचं जुनं व्हर्जन होतं. स्क्रिप्ट विनाएरर चालली, चारीवर पॅकेज बसलं, पण पहिल्यावर नवीन व्हर्जन उघडतंय आणि बाकीच्यांवर 'कमांड नॉट फाउंड'. आमचे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, "अहो सर, एकावर चालतंय आन् तीनवर न्हाई, असं कसं हो?"

तासभर पाथ तपासले, मग पॅकेजची साईज बघितली तर एक केबीसुद्धा नाही, आत नुसता रिकामा फोल्डर! मेकफाईल (काय कुठे टाकायचं ते मेकला सांगणारी फाईल) कुणीतरी हाताने लिहिलेली, तिच्यात डेस्टडिरचा पत्ताच नव्हता, आणि मी स्क्रिप्ट रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवलेली, त्यामुळे सगळं थेट पहिल्या कॉम्प्युटरच्या खऱ्या यूएसआर फोल्डरमध्ये घुसलं. गेज जोडला तर स्क्रीनवर वेडीवाकडी अक्षरं, कारण ईटीसी फोल्डरमधल्या आमच्या कॉन्फिगवर (सेटिंगच्या फाईलवर) सॅम्पल फाईल येऊन बसली होती, ९६०० बॉडवाली (बॉड म्हणजे पोर्टचा वेग). बॅकअप नव्हता. माझे हातपाय गार पडले.

मामांनी ड्रॉवरमधनं तेलकट वही काढली. गेज बसवला त्या दिवशीच त्यांनी त्याचं सेटिंग लिहून ठेवलं होतं: ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. मी त्यांना हातच जोडले.

मग स्क्रिप्टच बदलली. रूट असेल तर बिल्ड करायचंच नाही, फोल्डर रिकामा असेल तर तिथंच थांबायचं, कॉन्फिग फाईल '.न्यू' नावानेच टाकायची, म्हणजे जुनी पुसली जाणार नाही. मुद्दाम तीच बिघडलेली मेकफाईल साध्या युजरने चालवली आणि लगेच 'परमिशन डिनाइड' आलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मेकफाईलमध्ये पाथच्या आधी डेस्टडिर घातलं, पॅकेज परत बांधलं आणि सेकंड शिफ्ट यायच्या आत चारी गेज बोलायला लागले.