निवळ पाण्याची बाटली

शिरोळ तालुक्यातल्या एका ओढ्याचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासतो. तारीख ठरलेली, ऊन असो वा पाऊस, ती बदलत नाही. त्या मे महिन्यात उपसाबंदी होती, म्हणजे नदीचं पाणी शेतीला उपसायला मनाई, उसाच्या रानाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आणि आमच्या तारखेच्या आदल्या रात्री वळीव कोसळला.

सकाळी ओढा दुधाच्या चहासारखा. पाचट, सरीतली माती, खताची रिकामी पोती, सगळं पंचगंगेच्या दिशेनं निघालेलं. बांधावर त्या उसाचे मालक आबा डोक्याला हात लावून उभे.

"कालच्याला एकरी दोन पोती युरिया टाकला वो सायेब. गेला की सगळा."

हिशेब बरोबर होता. सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, हेक्टरी २५० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, त्यातलं ४० टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला शेवटची भर लावताना. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे एकरी ४५ किलोची जेमतेम दोन पोती. ही बांधणी नेमकी वळवाच्या नाहीतर मृगाच्या तोंडावर येते. एवढा मोठा हप्ता, तोही सगळ्यात बेभरवशाच्या दिवसांत!

युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं. आज त्या नायट्रेटचा आकडा छप्पर फाडणार, या खात्रीनं मी नमुना गाळून यंत्रात लावला. आकडा नेहमीपेक्षा कमी. पुन्हा लावला, तोच. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीच्या कणांना चिकटून भरपूर आलेलं. आमच्या मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "पाऊस धुतो तसा पातळही करतो. आणि युरिया युरियाच्याच रूपात वाहून गेला, तर आपल्या नायट्रेटच्या चाचणीला तो दिसणार कसा?" मी गप्प.

चौथ्या दिवशी परत गेलो ते काही शास्त्रासाठी नव्हे. बर्फाच्या पेटीचं झाकण आबांच्या गोठ्यात विसरलो होतो. ओढा एव्हाना निवळला होता, तळाचे दगड दिसत होते. त्या पट्ट्यात क्षारपड जमिनींतलं खारं पाणी निचरून काढायला रानाखाली सच्छिद्र पाइप घातलेत. अशाच एका पाइपाचं तोंड ओढ्यात सुटलेलं. करंगळीएवढी धार, काचेसारखी स्वच्छ. धारेखालच्या दगडावर मात्र शेवाळाचा हिरवागार, जाड गालिचा. बाकी दगड उघडे. शेवाळ माजलं म्हणजे पाण्यात खत आलं. ते पाहिलं नसतं तर मी झाकण घेऊन सरळ घरी गेलो असतो. एक बाटली धारेखाली भरली, एक ओढ्यातली.

पाइपाचा नमुना यंत्राच्या मोजपट्टीत मावेना. दहापट पातळ केला तेव्हा कुठे आकडा वाचता आला. ओढ्याचाही पिण्याच्या पाण्याच्या लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेला.

आबांचं परवाचं पोतं नव्हतं हे. युरियाचं नायट्रेट व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. हे बहुतेक मार्च-एप्रिलच्या हप्त्यातलं. रान सुकलं तसं उसाला ते उचलता आलं नाही, मग ते मातीतच साठून राहिलं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पाणी मुरलं की त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि पाइपातून, पाझरातून सावकाश बाहेर येतं. तोवर वरचा गढूळ लोंढा ओसरून गेलेला असतो, आणि आमच्यासारखे नमुनेवालेही. उन्हाळा जेवढा कोरडा, तेवढा साठा मोठा. आमची ठरलेली तारीख या पाझराच्या दिवसांना बहुधा चुकते, आणि वर्षाच्या अहवालात 'पाणी समाधानकारक' असं छापून येतं.

नोंदवहीत तापमानाला रकाना आहे, सामूला (पाण्याच्या आम्लतेला) आहे, पावसाला नाही. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'वळवानंतर चौथा दिवस'.

मग आबांना फोन केला. ओढ्याचा आकडा सांगितला, नायट्रेट फार वाढलं तर गुरांनाही बाधू शकतं हे सांगितलं. पलीकडे जरा वेळ नुसता म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज.

"आवो, गढूळ हुतं तवर पाजलं न्हाई. निवळलं म्हणून आज सकाळी तर सोडल्यात म्हशी."