गडचिरोली : वडशापासून सिरोंच्यापर्यंत

गडचिरोली जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जावा, म्हणजे वस्ती कशी विरळ होत जाते ते नीट कळतं. आम्ही जानेवारीत गेलो, धानाची मळणी उरकल्यावर. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. पुढचा सगळा प्रवास एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने.

वडसा-आरमोरी पट्ट्यात गावाला लागून गाव, मधे तळी आणि धानाच्या बांध्या. हिवाळ्यात चौकाचौकांत झाडीपट्टी नाटकांचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे, फलक असतात. मुक्काम असेल तर एक नाटक बघाच. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 होती आणि क्षेत्रफळ आहे 14,412 चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला 74 माणसं. राज्याची सरासरी 365. शहरात राहणारे जेमतेम 11 टक्के. वडशाच्या बाजारात उभं राहिलं की हे पटत नाही.

चामोर्शीजवळ मार्कंडा देवस्थान आहे, तिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. मंदिरावरच्या मूर्ती बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. मुलचेऱ्याकडे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं लागतात. आष्टी ओलांडून आलापल्लीकडे निघालं की मात्र दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि गाव बऱ्याच वेळाने दिसतं.

अहेरीकडच्या एका आठवडी बाजारात एक बाई वाळलेला मोह आणि चिंच घेऊन बसली होती. शेजारणीशी माडिया, व्यापाऱ्याशी तेलुगू आणि आमच्याशी मराठी, असं तिचं सहज चाललं होतं. जिल्ह्यात सुमारे 39 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भामरागड-एटापल्लीत माडिया गोंडांचीच वस्ती मोठी. चामोर्शी तालुक्यात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक, तर भामरागडमध्ये चाळीस हजारही नाहीत. दवाखाना, शाळा, बस या अंतरावर पोहोचवणं किती कठीण आहे ते त्या रस्त्यावरून गेल्यावरच समजतं. 1973 पासून भामरागडजवळच्या हेमलकशात आमटे कुटुंबाचा दवाखाना आणि शाळा चालवणारा लोक बिरादरी प्रकल्प टिकून आहे, त्याचं मोल मला तिथे जाऊन कळलं.

जाणाऱ्यांसाठी : आलापल्लीत टाकी भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, पुढे मोबाइलवर विसंबू नका. पावसाळ्यात भामरागडचा बेत आखू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. मलेरियाचा भाग आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच, परतल्यावर ताप आला तर लगेच रक्त तपासा आणि कुठे गेला होतात ते डॉक्टरांना सांगा. आतल्या रस्त्यांची चौकशी पोलीस ठाण्यात करा, अंधाराआधी मुक्कामी पोहोचा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, घरांचेही नाही.

आलापल्ली ते सिरोंचा साधारण शंभर किलोमीटर. आम्हाला रस्ता फार खराब लागला, तेव्हा निम्मा दिवस धरा. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि बाजारात मराठीपेक्षा तेलुगूच जास्त कानावर पडते. जिल्ह्याचं मुख्यालय इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. नागपूरला परतायचं असेल तर सगळी वाट उलटी तुडवू नका. प्राणहितेच्या पुलावरून तेलंगणात उतरा, चेन्नूरमार्गे मंचेरियाल गाठा आणि तिथून रेल्वे पकडा.