गाठ स्नायूपर्यंत गेली आहे का? मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल

लघवीतून लालभडक रक्त जातं, दुखत मात्र काहीच नाही, आणि दोन दिवसांनी लघवी पुन्हा स्वच्छ होते. मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत अशी होते आणि फसगतही इथेच होते. दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही, थांबलं म्हणून बरं झालं असं वाटतं. पण ही गाठ रोज रक्त सोडत नाही. मध्ये कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. डोळ्यांना दिसेल इतकं रक्त एकदा जरी गेलं, तरी युरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाला, दाखवायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळेच झालं असेल, असं परस्पर ठरवू नये. अनेकदा त्या गोळ्यांमुळे आत दडलेली गाठ लवकर उघडकीला येते.

बायकांच्या बाबतीत निदान जास्त रेंगाळतं. हा आजार पुरुषांत तीन ते चार पट अधिक, त्यामुळे बाईला जळजळ आणि रक्त दिसलं की उन्हाळी लागली किंवा इन्फेक्शन झालं असं समजून अँटिबायोटिक सुरू होतं, मग दुसरं, मग तिसरं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढलेच नाहीत आणि त्रास तसाच आहे, तर गोळ्या बदलत बसू नये. दुर्बिणीने तपासणी करा, असा आग्रह धरावा.

कारणांत पहिला नंबर धूम्रपानाचा; साधारण निम्म्या रुग्णांमागे तेच असतं. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत येतात, आणि ती लघवी मूत्राशयाच्या अस्तराला लागून तासन्‌तास साठून राहते. रंगाच्या कारखान्यांतली रसायनं अशीच घातक ठरतात, हे जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं होतं. रंग, रबर किंवा चामड्याच्या कारखान्यात वीस-तीस वर्षांपूर्वी काम केलं असेल, तरी डॉक्टरांना सांगायचं. आणि कॅन्सर झालाच आहे, आता सिगारेट सोडून काय उपयोग, हा विचार चुकीचा आहे. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त असतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून प्रकरण मिटलं असं नाही. लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते आणि अस्तरावर चपटा पसरलेला कॅन्सर तर सहसा दिसतच नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटॉलॉजी, उग्र पेशी बऱ्यापैकी पकडते. सौम्य गाठीत ती बहुतेकदा निगेटिव्ह येते. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्या बघायला सीटी युरोग्राम करतात. त्यासाठी शिरेतून देतात त्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघतात. पण शेवटी मूत्राशयाच्या आत डोळ्यांनी बघायलाच लागतं. लवचिक दुर्बीण बधिर करणारी जेल लावून आत घालतात, काही मिनिटांत काम होतं. नंतर एखाददोन दिवस जळजळ आणि गुलाबी लघवी चालते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच परत जायचं.

गाठ दिसली की पुढची पायरी टीयूआरबीटी. पोटावर चीर नसते. मूत्रमार्गातून उपकरण घालून विजेच्या तारेच्या कडीने गाठ खरवडून काढतात. गाठ बाजूच्या भिंतीवर असेल तर तिथून जाणारी मांडीची नस विजेने चाळवते, पाय झटका देतो आणि मूत्राशयाला भोक पडू शकतं. म्हणून अशा वेळी स्नायू पूर्ण शिथिल करणारी भूल देतात किंवा ती नस बधिर करतात. ऑपरेशननंतर तीन तोंडांचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असतो, त्यातून सलाइन आत जात राहतं आणि रक्त धुऊन बाहेर येतं. घरच्यांनी एका गोष्टीवर नजर ठेवावी: बाटलीतून पाणी आत जातंय, पण खालच्या पिशवीत काही येत नाही, ओटीपोट ताठ झालंय आणि रुग्ण लघवी लागली म्हणून तळमळतोय, तर नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. त्याच क्षणी नर्सला बोलवायचं. घरी गेल्यावर दहा-बारा दिवसांनी आतली खपली पडते आणि पुन्हा थोडं रक्त दिसतं. भरपूर पाणी पिऊन ते ओसरतं; गुठळ्या पडू लागल्या तर रुग्णालय गाठायचं.

मग बायोप्सीचा रिपोर्ट येतो. सगळी ट्रीटमेंट या एका कागदावर ठरते, म्हणून तो नीट वाचून समजून घ्यावा. मूत्राशयाच्या भिंतीत आतून अस्तर, त्याखाली सैलसर थर, मग जाड स्नायू आणि बाहेर चरबी असते. गाठ अस्तरापुरतीच असेल तर टीए, खालच्या थरात शिरली असेल तर टी१, स्नायूत शिरली की टी२, चरबीपर्यंत गेली की टी३, शेजारच्या अवयवांत गेली की टी४. चपट्या उग्र कॅन्सरला सीआयएस म्हणतात. तो वरवरचा असला तरी बेरकी असतो. याच्या जोडीला पेशी किती उग्र आहेत हे सांगणारी ग्रेड असते, हाय किंवा लो. निदान होताना चारांपैकी सुमारे तिघांची गाठ स्नायूपर्यंत गेलेली नसते.

आता रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ शोधा: पाठवलेल्या तुकड्यांत स्नायू होता का? स्नायू आलाच नसेल, तर गाठ तिथे पोचली नाही असं कोणीच सांगू शकत नाही. टी१ लिहिलेला रुग्ण प्रत्यक्षात टी२ असू शकतो, आणि या दोघांच्या उपचारांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून स्नायू नसेल, किंवा गाठ टी१ असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करतात. पहिल्यांदा नीट केलं नाही का, असा राग अनेकांना येतो. तो समजण्यासारखा आहे. पण दुसऱ्यांदा खरवडणं हा ठरलेल्या उपचाराचाच भाग आहे. ते टाळणाऱ्या डॉक्टरांना मी जास्त प्रश्न विचारेन.

गाठ स्नायूपर्यंत गेली नसेल तर मूत्राशय वाचवायचं आणि गाठ परत येऊ द्यायची नाही, यासाठी सगळी धडपड असते. परत येण्याचा किंवा खोल शिरण्याचा धोका कमी असलेल्या गाठीत ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत मूत्राशयात मायटोमायसिन किंवा जेमसायटाबिन या केमोथेरपीच्या औषधाचा एक डोस सोडतात; भोक पडल्याची शंका असेल तर तो देत नाहीत. जास्त धोक्याच्या गाठीत बीसीजी. हो, क्षयरोगाची लस म्हणून देतात तीच. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ती मूत्राशयात वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती थेट कॅन्सर मारत नाही. अस्तरात दाह निर्माण करून शरीराच्या प्रतिकारशक्तीला तिथे बोलावते. आठवड्याला एक असे सहा डोस, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी तीन वर्षांपर्यंत प्रत्येक वेळी तीन-तीन डोस. मध्यम धोका असेल तर एक वर्ष पुरतं.

बीसीजीच्या दिवशी चार तास आधीपासून पाणी कमी प्यायचं, म्हणजे औषध पातळ होत नाही आणि दोन तास धरून ठेवता येतं. लघवी वाढवणारी गोळी सकाळची असेल तर ती कधी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा. बारीक कॅथेटरने मूत्राशय रिकामं करून औषध सोडतात. कॅथेटर घालताना रक्त आलं, लघवीत इन्फेक्शन असेल किंवा आधीच लाल लघवी होत असेल, तर त्या दिवशी डोस द्यायचा नाही; हे जिवंत जंतू आहेत आणि जखमेतून रक्तात शिरू शकतात. टीयूआरबीटीनंतर किमान दोन आठवडे थांबतात ते याच कारणाने. दोन तासांनी लघवी करायची, पुरुषांनीही बसूनच, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पुढचे सहा तास दर वेळी कमोडमध्ये दोन कप ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग फ्लश करायचं. हात आणि जननेंद्रिय साबणाने धुवायचं, त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं, आणि शरीरसंबंधात आठवडाभर कंडोम वापरायचा.

एक-दोन दिवस जळजळ, सारखी लघवी, अंग मोडून येणं, कणकण हे अपेक्षितच आहे. ताप ३८.५ सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइटच्या वर जाऊन २४ तासांत उतरला नाही किंवा हुडहुडी भरली, तर रात्र असली तरी रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं की मूत्राशयात बीसीजी घेतली आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो साधं इन्फेक्शन समजून बसेल. बीसीजी रक्तात पसरली असेल तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिनसारखी टीबीची औषधं लागतात. त्यातलं पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही. पुढे कित्येक आठवड्यांनी वृषण सुजलं किंवा खोकला-ताप रेंगाळला, तरी बीसीजीचा उल्लेख करायचाच. बीसीजीच्या डोसांच्या दिवसांत दुसऱ्या कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर युरोलॉजिस्टला कळवा. काही अँटिबायोटिक्स हे जंतूच मारून टाकतात.

गाठ स्नायूत शिरली असेल तर नुसतं खरवडून भागत नाही. शरीराला पेलवत असेल तर आधी सिस्प्लॅटिनवर आधारित केमोथेरपीच्या तीन-चार सायकल, मग मूत्राशय काढणं, हा नेहमीचा मार्ग. सिस्प्लॅटिनसाठी मूत्रपिंड सुदृढ लागतं, ऐकू कमी येत असेल तर तेही सांगावं लागतं. गाठीमुळे मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंड फुगलं असेल, तर आधी आतून स्टेंट (बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून ते मोकळं करतात. दुसरा मार्ग म्हणजे गाठ शक्य तितकी खरवडून मग केमोसोबत रेडिएशन, साधारण २० किंवा ३२ वेळा. गाठ एकच आणि आटोपशीर असेल, मूत्रपिंड फुगलेलं नसेल, सीआयएस फार पसरलेला नसेल आणि मूत्राशय चांगलं काम करत असेल, तर हा पर्याय खरोखर चांगला आहे. तो फक्त ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी आहे असं कुणी म्हणालं, तर रेडिएशनच्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे भेटावं. मात्र त्यानंतर दुर्बीण सुटत नाही, आणि गाठ परतली तर मूत्राशय काढावं लागू शकतं.

मूत्राशयासोबत पुरुषांची प्रोस्टेट आणि वीर्यकोष काढतात. स्त्रियांचं गर्भाशय, बीजकोष आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा भाग काढला जाऊ शकतो. लैंगिक आयुष्याच्या नसा वाचवता येतील का, बीजकोष ठेवता येतील का, हे प्रश्न ऑपरेशनच्या आधी, संकोच न करता विचारायचे. नंतर विचारून काही हाती लागत नाही.

लघवीसाठी नवी वाट आतड्यापासून करतात. साध्या पद्धतीत लहान आतड्याचा १५-२० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याचं एक टोक पोटावर स्टोमा म्हणून उघडतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. स्टोमाची जागा आधीच पेनने खूण करून ठरवून घ्यायची: बसून, उभं राहून, वाकून बघायचं, घडीत किंवा कमरपट्ट्याखाली येता कामा नये आणि स्वतःला दिसली पाहिजे. जागा चुकली की पिशवी रोज गळते.

पिशवी सकाळी उठल्या उठल्या, काही प्यायच्या आधी बदलावी. तेव्हा लघवी सर्वांत कमी येते. जुनी पिशवी वरून खाली हळूहळू सोलायची, त्वचा नुसत्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेलकट साबण किंवा क्रीम लावलं तर चिकटत नाही. तोवर स्टोमावर गॉजची गुंडाळी धरून ठेवायची. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त मोठं झालं तर उघड्या त्वचेवर लघवी साचून ती सोलवटते. लावल्यावर तळहाताने मिनिटभर दाबून ऊब द्यायची. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी नव्याने मोजायचं. तीन ते पाच दिवसांनी बदल, निम्मी भरायच्या आत रिकामी करणं, रात्री मोठी पिशवी जोडणं, एवढं अंगवळणी पडलं की प्रवास, नोकरी, पोहणं सगळं होतं. लघवीत पांढरे धागे दिसतात तो आतड्याचा चिकट स्राव, घाबरायचं कारण नाही. स्टोमाभोवती करडे, खरखरीत खडे जमले तर पाणी आणि व्हिनेगर समभाग घेऊन पुसायचं आणि पाणी जास्त प्यायचं.

दुसऱ्या पद्धतीत आतड्याचं नवं मूत्राशय करून मूत्रमार्गाला जोडतात. बाहेर पिशवी नसते, पण शिस्त जास्त लागते. पूर्वीसारखी लघवीची जाणीव होत नाही, म्हणून सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री तीन तासांनी गजर लावून उठायचं, मग हळूहळू चार तासांवर यायचं. बसून, खालचे स्नायू सैल सोडून, पोटाने दाब देऊन लघवी करायची. तुंबवून ठेवलं तर ते सैल पडतं आणि कायमचं कॅथेटर घालून रिकामं करायची पाळी येऊ शकते. रात्री थेंब गळणं बराच काळ चालतं. ज्यांच्या हाताला किंवा डोळ्यांना साथ नाही, ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांनी याचा हट्ट धरू नये. दोन्ही पद्धतींत आतडं लघवीतून आम्ल परत शोषतं; थकवा, मळमळ, भूक मरणं, वजन उतरणं असं झालं तर बायकार्बोनेट आणि क्षार तपासायचे. काही वर्षांनी बी१२ कमी पडतं, तेही दरवर्षी बघायचं.

आजार पसरला असेल तरी आता पर्याय वाढले आहेत. २०२३ मध्ये एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीने मोठ्या चाचणीत मध्यम आयुर्मान केमोथेरपीच्या सुमारे १६ महिन्यांवरून साडेएकतीस महिन्यांपर्यंत नेलं. या औषधांत अंगावर पुरळ, हातापायाला मुंग्या, साखर वाढणं, जुलाब किंवा धाप लागणं यांतलं काहीही झालं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं.

मूत्राशय शाबूत असेल तर दुर्बीण पहिल्यांदा तीन महिन्यांनी. कमी धोक्यात त्यानंतर वर्ष पूर्ण होताना, मग पाच वर्षं दरवर्षी. जास्त धोक्यात पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. मूत्राशय काढलं असलं तरी मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्यांचं स्कॅनिंग चालूच राहतं, कारण तेच अस्तर तिथेही असतं.

आतड्याची वाट केलेल्यांनी पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवावी: कोणतं ऑपरेशन झालं, कधी, नवं मूत्राशय आहे की स्टोमा, आणि युरोलॉजिस्टचा फोन. दुसऱ्या रुग्णालयात लघवीचा नमुना मागितला तर पिशवीतला देऊ नका. तो स्टोमातून ताज्या कॅथेटरने घ्यायचा असतो. आणि ताप, कंबरदुखी नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक सुरू करत असतील, तर आधी त्या फोनवर बोलायला सांगा. आतड्याच्या वाटेत जंतू असणारच.